सामानाजवळची चंद्रभागाबाई

मोर्चाचा फोटो पेपरात येतो तो पुढच्या रांगेचा. बॅनर धरलेल्या चार बाया, वर गेलेले हात, उघडी तोंडं. माझे असे बरेच फोटो आले आहेत आणि खोटं कशाला बोलू, मी ते कापून ठेवले आहेत. पण ज्यानं कधी मोर्चा काढला असेल त्याला ठाऊक असतं, की त्या फोटोच्या बाहेर, कुठल्यातरी झाडाखाली, एक ढीग असतो. पिशव्या, शिदोऱ्या, चपला, पाण्याच्या कॅना, कोणाच्या गोळ्या, कोणाचं झोपलेलं लेकरू. आमच्या ढिगाजवळ कायम एकच बाई बसायची. नाकाडोंगरीची चंद्रभागाबाई.

तिचं माहेर आंबागड, किल्ल्याच्या पायथ्याशी. लग्न होऊन नाकाडोंगरीला आली. नवरा खाणीवर कामाला होता, तो आजारानं लवकर गेला. मग दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवणी, कापणी, उन्हाळ्यात मोहफूल, तेंदूपान, असं करत तिनं एकुलता एक पोरगा वाढवला. संघटनेत ती आली तेव्हा तिला कोणी बोलावलं नव्हतं. आमचा पहिला मोर्चा भंडाऱ्याला कलेक्टर ऑफिसवर गेला, रोजगार हमीची कामं काढा म्हणून. आम्ही सगळं सामान फाटकाबाहेर भिंतीला लावून आत गेलो, जोरात घोषणा दिल्या, जिंकल्यासारख्या बाहेर आलो आणि पाहतो तर एक गाय आमची शिदोरी खाऊन उभी आहे. लाखोळीच्या डाळीचे वडे तिला फार आवडले होते. चपलांची तर अशी सरमिसळ झाली, की अर्ध्या बाया एसटी स्टँडपर्यंत अनवाणी गेल्या. पुढच्या बैठकीत सगळ्या एकमेकींवर ढकलत होत्या तेव्हा मागून आवाज आला, "मी बसतो नं सामानाजवळ. एवढं काय भांडून राह्यल्या?"

आमच्याकडे बाया अशाच बोलतात, मी बसतो, मी जातो. पुण्याच्या एका विदुषीनं मला एकदा हे व्याकरण सुधारायला सांगितलं होतं. मी तिला काय सांगितलं ते इथं लिहीत नाही.

तेव्हापासून चंद्रभागाबाईचं ते कामच झालं. भंडारा, तुमसर, नागपूर, जिथं जिथं आम्ही गेलो तिथं आधी ती सावली शोधायची. चपला जोडीजोडीनं सुतळीत ओवायची. ज्या गावची माणसं आधी निघणार त्यांच्या पिशव्या वर ठेवायची. पोलिसांनी हटवलं तर ढीग घेऊन दुसऱ्या झाडाखाली जायची, पण आम्ही परत येईपर्यंत एकाही पिशवीची गाठ सुटलेली नसायची. सामान तिच्याकडे आहे म्हटलं, की बाया निर्धास्त पोलिसांच्या गाडीत चढायच्या.

संध्याकाळी परतीच्या गाडीत मात्र तिचा दरबार भरायचा. आत काय झालं ते तिला पहिल्यापासून पाहिजे असायचं. साहेब कोणत्या हाताला बसला होता, टेबल लाकडाचं होतं की लोखंडाचं, मी बोलताना त्यानं चष्मा काढला की नाही. मी थकलेली असायचे, चिडायचे. "चंद्रभागा, आपल्याला मागणी मान्य झाली हे पायजे का त्याचा चष्मा?"

"मागणी तं मालूम हाय मले. गावाहूनच घेऊन आली होती. चष्मा सांग."

सांगावंच लागायचं. मग ती डोळे मिटून ऐकायची.

आता नाशिकचं सांगते, कारण सगळं तिथूनच निघालं.

फार वर्षांपूर्वी नाशिकला बायांचा मोठा मेळावा होता. आम्ही इकडून एका टेम्पोत कोंबून गेलो होतो. परत निघताना तिथल्या एका कार्यकर्त्यानं दिंडोरीकडे त्याच्या मामाची द्राक्षाची बाग दाखवतो म्हणून टेम्पो वळवायला लावला. आम्ही धानाच्या मुलखातल्या. द्राक्ष आम्हाला ठाऊक होतं ते दवाखान्यात कोणाला भेटायला जाताना कागदाच्या पुडीत नेतात ते. बागेत शिरलो तर डोक्यावर पानांचं छत आणि त्यातून घड खाली लोंबलेले, हात वर केला की लागतील असे. बाया वेड्या झाल्या. रोवणीची गाणी म्हणाल्या, फुगड्या घातल्या. पाच मिनिटांचा तास झाला.

चंद्रभागाबाई टेम्पोत होती. ड्रायव्हर किल्ली घेऊन चहाला गेला होता, ताडपत्री उघडी होती, आत भाड्यानं आणलेला भोंगा आणि सगळ्यांच्या पिशव्या. "जा तुमी," म्हणाली. तिच्यासाठी आम्ही पदरात घड आणला, तो तिनं खाल्ला, बिया हातात धरून ठेवल्या. पण त्या दिवशी गाडीत तिनं एकही प्रश्न विचारला नाही. नंतरही नाही. पुढं कितीतरी बैठकांत त्या बागेच्या गोष्टी निघाल्या, दर वेळी घड थोडे मोठे आणि छत थोडं खाली येत गेलं, तेव्हाही ती आपली तांदूळ निवडत बसायची. कलेक्टरच्या टेबलावरची काच तिला तोंडपाठ होती, पण त्या बागेबद्दल तिनं कधी काही विचारलं नाही.

संघटना आता पहिल्यासारखी राहिली नाही. काही बाया गेल्या, काहींचे गुडघे गेले. मी बोलते, लिहिते, अजून भांडते, पण मागं वळून पाहिलं की आठ-दहा पांढरी डोकी दिसतात. भंडाऱ्यात ज्या रस्त्यावर आम्ही बसायचो तिथं आता दुभाजक आहे, त्यात झुडपं लावली आहेत. ज्याच्याखाली आमचा ढीग असायचा ते झाडही नाही. त्या रिकाम्या जागेवरून माझा ऑटो जातो तेव्हा अजून माझी मान तिकडे वळते, ढीग बसला आहे का पाहायला.

तर चंद्रभागाबाईची नात मनाली. नागपूरला एका खाजगी कंपनीत आहे, लॅपटॉपवर काम करते. पहिल्या बोनसवर आजीला फिरवायचं तिनं ठरवलं. पचमढी, गोवा, बोधगया, सगळी नावं आजीसमोर ठेवली.

"आजी, तू बोल. तुले कुठं जायचं?"

"ते द्राक्षाचं गाव हाय नं नाशिककडे. तेथी."

मनालीनं फोनमध्ये पाहिलं आणि तिला हसू आवरेना. "आजी, ते आता वाइनचं गाव हाय. लोक विकेंडले जाऊन पितात तेथी."

"पिऊ दे नं. त्यायचं पोट."

इथपर्यंत हे दोघींचं होतं. पण चंद्रभागाबाईनं रात्रीच्या जेवणाआधी ते सुमनबाईला सांगितलं. सुमनबाई म्हणजे आमच्या संघटनेची शिस्त. दर पौर्णिमेला विहारात पंचशील तीच म्हणवून घेते, कोणाचा उच्चार चुकला तर थांबवते. तिनं दुसऱ्याच दिवशी मला फोन केला. "ताई, बैठक लावली. विहारात. तू तुमसरहून येजो."

"कायची बैठक?"

"चंद्रभागा सहलीले चालली."

ज्या बाया कोणत्याही गोष्टीला एकट्यानं गेल्या नाहीत त्यांना सहलीला एकटं जाता येतं हे कळतच नाही, त्याला मी तरी काय करू. मी गेले. सतरंजीवर सहा-सात जणी बसल्या होत्या, मध्ये मनाली लॅपटॉप मांडीवर घेऊन, लग्नाच्या मांडवात चुकून शिरल्यासारखी.

सुमनबाईनं सुरुवातच केली, "पहिला मुद्दा. आपुन पाचवं शील पाळतो. दारूच्या गावात आपलं काय काम?"

चंद्रभागाबाई शांतपणे म्हणाली, "सुमन, तू रोज सकाळी वावरात कोण्या वाटेनं जातेस?"

"मोहाच्या झाडाखालून."

"मंग? मोहाची पितेस काय?"

बाया हसल्या. सुमनबाई हसली नाही, पण पहिला मुद्दा निकालात निघाला.

दुसरा मुद्दा तारीख. इथं मनालीला कोणी विचारलं नाही. रोवणी झाली, निंदण झालं, दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाऊन येऊ आणि हलकं धान कापणीला येईल त्याच्या आधीचा शनिवार-रविवार. तेवढीच फट असते. शिवाय तेव्हा सगळं कसं हिरवंगार असतं, बांध्या भरलेल्या, लोंब्या आलेल्या. ठरलं. हात वर करून ठरलं.

"हा विकेंड हाय, आंदोलन नाई," मनाली म्हणाली.

"मालूम हाय," सुमनबाई म्हणाली. "तिसरा मुद्दा. जबाबदाऱ्या." आणि तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. पाणी कोण, औषधं कोण, रेल्वेच्या डब्यात बाया मोजून चढवायला कोण, पुढाऱ्याशी बोलायला ताई.

"कोणता पुढारी? तिथं रिसॉर्टवाला असतो," मनाली.

"तोच. सामान, चंद्रभागा."

ती पुढच्या बोटावर गेलीसुद्धा होती.

"मी नाई," चंद्रभागाबाई म्हणाली.

 सुमनबाईचं बोट तसंच राहिलं.

"मंग कोण बसन?"

"मले काय विचारतेस. मले तेथी उतराचं हाय. त्या टेंपलाईतून मी उतरली नाई, आता उतराचं हाय. एवढंच हाय माह्यं." ती मनालीकडे पाहून बोलत होती, आमच्याकडे नाही. टेम्पोला ती टेंपलाई म्हणते.

कोणीतरी म्हणालं, पाळीपाळीनं बसू. कोणी म्हणालं, मनाली बसेल, तिला काय सगळं फोनमध्ये दिसतं. एक जण म्हणाली मला उन्हात चालवत नाही, मीच बसते, आणि लगेच दुसरी म्हणाली, हो, म्हणजे आमच्या पिशव्यांतलं सगळं खाऊन टाकायला. वाद इतका वाढला, की मी ओरडणार होते. मला ओरडायला वेळ लागत नाही.

चंद्रभागाबाईच म्हणाली, "सामान नेऊच नोका."

"म्हंजे?"

"दोन दिवसाले कायले पायजे सामान? एक लुगडं आंगावर, एक पिशवीत. ज्याची पिशवी त्याच्या खांद्यावर. खाली ठेवाचीच नाई."

इतक्या वर्षांत, इतक्या मोर्चांत, ही गोष्ट कोणालाच सुचली नव्हती. सुमनबाईनं तो ठराव म्हणून मांडला आणि तो मंजूर झाला.

मग मनालीनं रिसॉर्टला फोन लावला, स्पीकरवर, कारण बायांनी तसा आग्रह धरला. तिकडून एक गोड आवाज आला. खोल्या आहेत, म्हणाला. टेस्टिंग किती जणांचं धरू?

"कायचं टेस्टिंग?" सुमनबाईनं फोनवर झुकून विचारलं.

"वाइन टेस्टिंग, मॅडम. पाच प्रकार असतात."

"पाच?" तिनं माझ्याकडे पाहिलं. मी फोन हातात घेतला आणि सांगितलं, भाऊ, टेस्टिंग शून्य, जेवण सगळ्यांचं, आणि बाग पाहायची आहे, द्राक्षाची, आत जाऊन.

"बाग दाखवू मॅडम, पण आता द्राक्षं नाहीत. ऑक्टोबरमध्ये छाटणी असते. पानंही नसतात, नुसत्या काड्या. घड पाहायचे तर फेब्रुवारीत या."

मी फोन ठेवला. ज्या मुलखात दसऱ्याला डोळे दिपतात इतकं हिरवं असतं, तिथल्या बायांना दुसरीकडे तेव्हाच झाडं भादरतात हे सांगून खरं वाटत नाही. एक म्हातारी म्हणाली, तो खोटं बोलून राह्यला, त्याले टेस्टिंग नाई भेटलं म्हणून.

"फेब्रुवारीत जाऊ," मनाली म्हणाली. "आजी, चार महिने तर हायत. घड पायशीन नं."

"फेब्रुवारीत उन्हाळी धानाचा रोवणा. मंग मोहफूल. मंग तेंदूपान. मंग पावसाळी धानाचे पऱ्हे टाका. कोण मोकळं रायते?" चंद्रभागाबाईनं पदर खोचला. "अन् मी द्राक्षं खाल्ली हायत. तुमीच आणली होती. मले द्राक्षं नाई पायजेत."

तेव्हा मी ओरडले. ठरलं म्हणजे ठरलं, तारीख बदलणार नाही, आणि ज्यांना घड पाहायचे आहेत त्यांनी तुमसरच्या बाजारात जावं. बैठक संपली.

प्रवासाचं फार सांगत नाही. तुमसर रोडहून गाडी पकडली, पिशव्या मांडीवर घेऊन बसलो, झोपतानाही उशाला. सकाळी नाशिक रोड, तिथून जीप. गाव लहानसं, पण रस्त्याच्या दोन्ही अंगांना ग्लासांची चित्रं काढलेले बोर्ड. टोप्या घातलेली, हातात हात घातलेली पोरंपोरी. रिसॉर्टच्या दारात एका पोरीनं ट्रे पुढं केला, वेलकम ड्रिंक म्हणाली. सुमनबाईनं तिला तीनदा विचारलं, नुसतं लिंबूच आहे नं बाई. मग एक घोट घेऊन स्वतःच जाहीर केलं, "लिंबूच हाय, प्या."

आणि बाग. फोनवाला खोटं बोलला नव्हता. तारांवर नुसत्या तपकिरी काड्या, ओळीच्या ओळी, आभाळापर्यंत उघड्या. खाली कापलेल्या फांद्यांचा कचरा. दूरवर काही बाया कात्र्या घेऊन ओळीत वाकल्या होत्या, काही जणी कापलेल्या काड्यांवरच्या फुटव्याच्या डोळ्यांना लाल औषध लावत होत्या. माझ्या मनातली ती बाग, फुगड्यांची, घडांची, ती मी जिथं ठेवली होती तिथून कोणीतरी काढून नेली असं वाटलं. आमच्यातल्या ज्या दोघी तेव्हा नाचल्या होत्या त्याही बांधावरच उभ्या राहिल्या. एक म्हणाली, "तुराट्या पायाले एवढं लांब आलो काय व?" थोडे फोटो झाले. मग बाया सावलीला गेल्या.

चंद्रभागाबाई एका ओळीत शिरली. पिशवी खांद्याला, चपला पायात. हळूहळू, दोन्ही बाजूंना पाहत, मध्येच एखाद्या काडीला हात लावत. वळून पाहिलं नाही. थोड्या वेळानं ती दिसेनाशी झाली.

दुपारचं जेवण झालं. तिचं ताट झाकून ठेवलं. जीपवाल्याला आम्हाला गावातलं धरणही दाखवायचं होतं, तो घाई करू लागला. सुमनबाई म्हणाली, "कधी उशीर न करणारी बाई. पडली तं नाई कुठं?" मनाली उठत होती, तिला मी बसवलं आणि स्वतः निघाले. रागात होते. जाताना मनात बोलणंही तयार केलं होतं, काय समजतेस तू स्वतःला, सगळ्यांना ताटकळत ठेवतेस, वगैरे.

ओळ संपली तिथं एक बाभूळ होती. छाटणीच्या बाया जेवायला बसल्या होत्या, कात्र्या बाजूला, बोटं औषधानं लाल. मध्ये चंद्रभागाबाई, एका उलट्या क्रेटवर, हातात त्यांनी दिलेली भाकर. आणि ती बोलत होती. तिला इतकं सलग बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं. मी ओळीतच थांबले.

"तं आमी सगळ्या आत घुसलो. शिपाई म्हणते, पाच जणीच या. आमी म्हटलं, पाच कायले, सगळ्याइच्या पोटाचा सवाल हाय. साहेब बसला होता, डाव्या अंगाले खिडकी. टेबलावर काच, काचेखाली त्याच्या पोराचा फोटो. मी त्याच्याकडे पाह्यलं. त्यानं चष्मा काढला."

तो चष्मा मी सांगितलेला होता. ती काच माझी, ती खिडकी माझी, पोटाचा सवाल हे वाक्यही माझंच, पेपरात आलेलं. तिनं त्यातलं काही चुकवलं नव्हतं. फक्त मी जिथं उभी होते तिथं आता ती उभी होती.

"भ्याव नाही वाटलं, आजी?" एका तरुण पोरीनं विचारलं.

"वाटलं नं. पण मोठ्या मिशीवाला पोलीस होता, तो आधीच बाहेर येऊन माह्याकडून पाणी पिऊन गेला होता. म्हणे, बाई, माही माय पण तुमच्यासारखीच मजुरीले जाते. मंग मले कायचं भ्याव?"

हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. हे झाडाखालचं होतं. इतक्या परतीच्या गाड्यांत आम्ही शेजारी बसलो, आणि हा मिशीवाला मला आज भेटत होता.

तेवढ्यात त्या पोरीचं लक्ष माझ्याकडे गेलं. चंद्रभागाबाईनंही वळून पाहिलं. तिची भाकर हातातच राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी ओळखलं. आता ही माझं सगळं काढून घेईल, असं होतं.

"ह्या तुमच्यासंगच्या का?" पोरीनं तिला विचारलं, आणि मग मला, "खरंच ह्या एवढ्या पुढं होत्या, ताई? साहेबाच्या टेबलापर्यंत?"

"टेबलाला लागून," मी म्हटलं. "मी मागं होते. मला तर साहेब दिसलाही नाही."

 चंद्रभागाबाईनं क्रेटवर सरकून जागा केली.

"बस खाली," ती म्हणाली. "उभी काहून हायस? मोठी गोष्ट हाय."

तिकडून जीपचा हॉर्न वाजला, दोनदा, लांब. बायांनी मान वळवली.

"वाजू द्या त्याले," चंद्रभागाबाई म्हणाली. "तं साहेबानं चष्मा काढला, पुसला, अन् म्हणे, बोला बाई. मंग मी बोलली."